नावाडीण पलीकडे राहते

डिम्फ्ना क्नापेनने बावन्नाव्या वर्षी दुसरं लग्न केलं आणि त्यामुळे कायद्याच्या राज्याला हादरा बसला. हादरा बसला हे आमच्या नगराध्यक्षांचं म्हणणं. कायद्याच्या राज्याला स्वतःला त्याची खबर बरीच उशिरा लागली.

नवरा नदीपलीकडचा. आमच्या मासवेर्डच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर त्याची नाशपातीची बाग दिसते, बागेच्या टोकाला घर दिसतं, आणि वारा पडलेला असला तर त्याचा कुत्रा कोणावर चिडलाय तेही कळतं. मधे मास नदी. अलीकडे बेल्जियम, पलीकडे हॉलंड. दोन्हीकडची माणसं एकच बोली बोलतात, व्लाय नावाचा एकच फळांचा केक खातात आणि समोरच्यांना व्लाय करता येत नाही यावर दोन्हीकडे एकमत आहे.

डिम्फ्ना या दोन देशांमधली नाव चालवते. तिचा बाप चालवायचा, त्याआधी आजा. लोखंडी, सपाट बुडाची नाव. सायकली, गाई आणि फार आग्रह केला तर एखादी मोटार नेते. लग्नानंतर फरक पडला तो एवढाच, की संध्याकाळी नाव अलीकडे बांधून घरी जायची ती आता पलीकडे बांधून घरी जायला लागली. प्रवाशांपैकी कोणाच्या हे ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं ते नगराध्यक्ष लाम्बेर्ट राइमाकर्स यांच्या, कारण त्यांचा भाचा बार्टेल त्या वेळी कामाच्या शोधात होता. बार्टेल बरीच वर्षं कामाच्या शोधात होता. दोघांची गाठ पडू नये याची तो आणि काम दोघंही काळजी घेत होते.

मी त्या सकाळी नावेतच होतो. पलीकडे दातांच्या डॉक्टरकडे निघालो होतो आणि गालावर हात धरून बसलो होतो. नाव सुटायच्या बेतात असताना लाम्बेर्ट धक्क्यावर आला. तो आणि डिम्फ्ना शाळेत एका बाकावर बसायचे, त्यामुळे त्याने टोपी काढली नाही.

"डिम्फ्ना, तू आता गावात राहत नाहीस."

"ही काय, गावातच तर उभी आहे."

"झोपतेस कुठे?"

"पन्नाशी उलटलेल्या बाईला नगराध्यक्षाने चारचौघांत विचारायचा प्रश्न आहे का हा?"

सायकलवाले हसले. लाम्बेर्ट हसला नाही. त्याने खिशातून नगरपालिकेच्या ठेक्याचा करार काढला आणि एक कलम वाचून दाखवलं. नावाडी गावाच्या हद्दीत, धक्क्यावरची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहणारा असावा. कलम डिम्फ्नाच्या आज्याच्याही आधीचं होतं. तेव्हा नाव बांधून ठेवलेली असली की माणूस धक्क्यावरची पितळी घंटा वाजवायचा आणि नावाडी जेवण टाकून यायचा. आता लोक फोन करतात. पण घंटा अजून आहे आणि कलमही आहे. आमच्या गावात एकदा लिहिलेलं काही खोडत नाहीत. त्याच्या शेजारी नवीन लिहितात.

"तू परदेशात झोपतेस," लाम्बेर्ट म्हणाला. "करार संपला. सोमवारपासून बार्टेल येईल."

"बार्टेलला पोहता येतं का?"

"नाव चालवायची आहे. पोहायचं नाहीये."

"बार्टेल चालवणार असेल तर पोहायचंच आहे."

नाव सुटली. नदीच्या मध्यावर आल्यावर डिम्फ्नाने मला विचारलं, "वकीलसाहेब, असं करता येतं का हो त्याला?"

माझी दाढ ठणकत होती. मी म्हणालो, "येत नसावं."

या दोन शब्दांच्या सल्ल्यावर पुढची चार वर्षं उभी राहिली. माझी वकिली तोवर घटस्फोट, कुंपणं आणि कुंपण ओलांडणाऱ्या गाई यांच्यावर चालत होती. पण युरोपातल्या माणसाने एका देशात राहावं आणि दुसऱ्या देशात काम करावं, त्याला कोणी आडकाठी करू नये, हा नियम आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. हा नियम देशांच्या कायद्याच्या वरचा आहे, म्हणजे गावाच्या कराराच्या तर कितीतरी वरचा. इतक्या वर राहणाऱ्याला खाली यायला वेळ लागणारच.

आम्ही जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावला. तिथे न्यायाधीश स्टासबाई होत्या. बारीक अंगाच्या, मोठ्या चष्म्याच्या, आणि वकील बोलत असताना पेन्सिलीला टोक काढण्याची सवय असलेल्या. नगरपालिकेने खास ब्रुसेल्सहून कोपेन्स नावाचे वकील आणले होते. त्यांच्या बुटांकडे पाहूनच कळायचं की हा माणूस कधी नावेतून उतरलेला नाही.

स्टासबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं, पेन्सिल संपवली आणि खटला थांबवला. आमच्याकडे अशी सोय आहे, की खालच्या न्यायाधीशाला युरोपच्या कायद्याचा अर्थ नेमका काय असा प्रश्न पडला, तर तो प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला पाठवता येतो. आमच्या न्यायव्यवस्थेत न कळणं हा कमीपणा समजत नाहीत. त्याची रीतसर कार्यपद्धती आहे.

प्रश्न गेला. उत्तराची वाट पाहण्यात जवळजवळ दोन वर्षं गेली. या काळात नाव बार्टेल चालवत होता.

डिम्फ्नाची सगळ्यात मोठी अडचण अशी की तिच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर धक्क्यासमोर. मी अधूनमधून तिच्याकडे जायचो, खटला कुठवर आला ते सांगायला. म्हणजे तो कुठेच आला नाही हे सांगायला. ती खिडकीकडे पाठ करून बटाटे सोलत बसलेली असायची. मग नदीवरून एक दणका ऐकू यायचा.

"ठोकली," ती मान न वळवता म्हणायची. "डावी बाजू. परवा उजवी होती."

तिचा नवरा हुब हळूच म्हणायचा, "आपण स्वयंपाकघर मागच्या बाजूला नेऊ या का? तिकडून नाशपाती दिसतात."

"मला नाशपाती नकोत. मला माझी नाव हवीय."

हुब भला माणूस होता. एकदा त्याने मला फाटकापर्यंत सोडताना विचारलं, "साहेब, आम्ही लग्न मोडलं तर तिला नाव मिळेल का परत?" मी म्हटलं, मिळेल. "मग तिला हे सांगू नका," तो म्हणाला. मला वाटतं तिला ते आधीच माहीत होतं. बाई सोलून सोलून एका बटाट्याचा अर्धा बटाटा करत होती, पण त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

शेवटी लक्झेंबर्गला सुनावणी लागली. डिम्फ्नाने लग्नातला निळा कोट घातला. टेकडीवर सोनेरी मनोरे, आत लांबरुंद दालन, वर किरमिजी झग्यांतले न्यायमूर्ती, कडेला काचेच्या खोल्यांत दुभाषे. सुरू होण्याआधी एक दुभाषीबाई माझ्याकडे आल्या आणि अत्यंत सौजन्याने म्हणाल्या, "जरा सावकाश बोला. आणि विनोद शक्यतो करू नका. तो आमच्याकडून न्यायमूर्तींपर्यंत पोचतो तेव्हा तुम्ही पुढे गेलेले असता, आणि मग ते तुमच्या गंभीर मुद्द्यावर हसतात."

आधी कोपेन्स बोलले. मासवेर्डची घंटा ही निव्वळ घंटा नव्हे, असं त्यांचं म्हणणं पडलं. ती धक्क्यावर अडकलेल्या माणसाच्या जिवाची हमी आहे. वादळ आहे, अंधार आहे, पाणी चढतंय, आणि एक वृद्ध स्त्री घंटा वाजवतेय. अशा वेळी नावाडी परक्या राष्ट्रात असून कसं चालेल?

"ही वृद्ध स्त्री कोण?" डिम्फ्नाने मागून माझ्या कानात विचारलं.

"काल्पनिक आहे."

"मग तिला म्हणावं घरी बस. वादळात कशाला निघालीस."

एका न्यायमूर्तींनी विचारलं, की गावात फोन नाहीत का. कोपेन्स म्हणाले, "आहेत, महोदय. पण फोनची बॅटरी उतरते. घंटेची उतरत नाही." वर दोन-तीन माना गंभीरपणे हलल्या.

दोन देशांच्या सरकारांनीही वकील पाठवले होते. एक देश बेटांचा होता; डिम्फ्ना जिंकली तर आपल्या नावाड्यांचं काय होईल अशी त्याला धास्ती. दुसऱ्या देशात डोंगरच डोंगर आणि नाव म्हणून नाही, पण तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे तो आला होता. त्याचा वकील सगळ्यांत जास्त तळमळीने बोलला.

मग मला विचारण्यात आलं, की या नदीची रुंदी साधारण किती. कोपेन्सनी मघाशी ती ऋतुमानावर अवलंबून असल्याचं सांगितलं होतं. मी दुभाषीबाईंची सूचना विसरलो आणि म्हणालो, "अलीकडून दगड मारला तर पलीकडच्या कुत्र्याला लागतो, महोदय." काचेमागे थोडी चलबिचल झाली. काही क्षणांनी कोपऱ्यातल्या एका न्यायमूर्तींनी कानावरचं यंत्र सावरलं आणि दगडाचं वजन विचारलं.

कित्येक महिन्यांनी निकाल आला. मी तो घेऊन डिम्फ्नाच्या स्वयंपाकघरात गेलो आणि मोठ्याने वाचला. असं कलम युरोपच्या कायद्याच्या विरुद्ध आहे. मात्र सार्वजनिक हिताचं तितकंच भारी कारण असेल, आणि ते हित साधायला दुसरा सौम्य उपाय नसेल, तर ते विरुद्ध नाही. तसं कारण इथे आहे की नाही हे ठरवणं हे प्रश्न विचारणाऱ्या न्यायालयाचं काम आहे.

"म्हणजे त्या बाईंनी त्यांना विचारलं, काय करू," डिम्फ्ना म्हणाली.

"हो."

"आणि ते म्हणाले, तुम्हीच ठरवा."

"फार सुंदर शब्दांत म्हणाले."

"आपण जिंकलो का पण?"

"तत्त्वतः जिंकलो."

"तत्त्वतः उद्या सकाळी नाव कोण चालवणार?"

"बार्टेल."

नदीवरून दणका आला. तिने सोललेले बटाटे पाण्यात टाकले, हात पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिली.

पण नगरपालिकेकडून एक चूक झाली होती आणि ती आमच्या गावाच्या स्वभावातली होती. आमच्याकडे एकदा एखाद्या गोष्टीची बढाई मारली की ती मागे घेत नाहीत. कोपेन्सनी लक्झेंबर्गला इतक्या वेळा घंटा, घंटा केलं होतं, की निकालात ती घंटाच शिल्लक राहिली. सार्वजनिक हित म्हणजे काय, तर नावाड्याला घंटा ऐकू येणं. स्टासबाई सरळ माणूस. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. जाऊन वाजवून बघू."

आमच्या न्यायाधीशांना जागेची पाहणी करता येते. बाई रबरी बूट घालून धक्क्यावर हजर झाल्या, सोबत दोन कारकून. अर्धं गावही जमलं. कोणीतरी कॉफीची किटली आणली होती. ठरलं असं: एक कारकून आणि कोपेन्स पलीकडे डिम्फ्नाच्या स्वयंपाकघरात बसतील. दुसरा कारकून आणि मी बार्टेलच्या घरी बसू, म्हणजे तुलना होईल. बाई घंटा वाजवतील.

इथे कोपेन्सनी हरकत घेतली. बेल्जियमच्या न्यायालयाला हॉलंडच्या भूमीवर अधिकृतपणे काही ऐकता येणार नाही. मुद्दा बिनतोड होता. बाईंनी क्षणभर विचार केला आणि कारकुनाला सांगितलं, "तुम्ही त्यांच्याकडे कॉफीला जा. काही कानावर आलं तर परत आल्यावर मला सांगा." अशा रीतीने कारकून पाहुणा म्हणून गेला. पलीकडे त्याला जे ऐकू येणार होतं ते खाजगीत ऐकू येणार होतं आणि नदी ओलांडल्यावर ते अधिकृत होणार होतं.

घंटेला हात घालण्याआधी बाईंनी आत वाकून पाहिलं. आतल्या लोलकाला चामड्याचा जाड पट्टा गुंडाळलेला होता. नवा कोरा.

"हे काय?"

"ध्वनिप्रदूषण," लाम्बेर्ट म्हणाला. "युरोपचा नियम आहे. आमचा नाइलाज होतो."

"कोणता नियम?"

"शोधून देतो."

"सावकाश शोधा. आधी हा पट्टा काढून द्या."

मी हे पाहून बार्टेलच्या घरी गेलो. बार्टेल गावाच्या हद्दीतच राहतो, यात शंका नाही. महामार्ग ओलांडला, लाकडाची वखार मागे टाकली, की नवी वसाहत लागते आणि तिच्या शेवटच्या गल्लीत तो आणि त्याची आई. आई म्हणजे लाम्बेर्टची सख्खी बहीण, ट्रूडबाई. तिने चेरीची व्लाय कापून ठेवली होती. कारकून, बार्टेल आणि मी गच्चीत बसलो. महामार्गावरून मालाचे ट्रक जात होते.

"वाजली असेल का?" थोड्या वेळाने कारकुनाने विचारलं.

"काय?" बार्टेल म्हणाला.

"घंटा."

"इथे?" बार्टेलला मनापासून आश्चर्य वाटलं. "इथे कशी ऐकू येईल? मला सकाळी आई उठवते."

टेबलाखाली काहीतरी हललं आणि बार्टेलने पाय वर घेतला. "तसं नाही," ट्रूडबाई म्हणाली, "वारा बरोबर असला की येतो आवाज. लिहिताय काय? वारा लिहा ना. व्लाय घ्या आधी."

कारकुनाने व्लाय घेतली आणि वारा लिहिला नाही.

पलीकडे काय झालं ते मला नंतर कळलं. पहिल्या ठोक्यालाच हुबचा कुत्रा पिसाळल्यासारखा भुंकायला लागला. कोपेन्स म्हणाले, आपल्याला फक्त कुत्रा ऐकू आला. कारकून म्हणाला, मला दोन्ही ऐकू आले. यावर बराच वाद होऊन शेवटी अशी नोंद झाली, की घंटा ऐकू आली किंवा कसे याबाबत वकील व कारकून यांच्यात एकमत नाही, मात्र कुत्र्यास ती ऐकू आली.

स्टासबाईंनी पंधरवड्यात निकाल दिला. पलीकडे राहणाऱ्या नावाडिणीला घंटा ऐकू येते, अलीकडे राहणाऱ्या नावाड्याला येत नाही. तेव्हा या कलमामागे सार्वजनिक हित शोधणं व्यर्थ. डिम्फ्नाचा करार कायम आहे. नगरपालिकेने तिला नाव द्यावी.

त्या संध्याकाळी हुबने तळघरातली जुनी बाटली काढली. डिम्फ्ना प्यायली, हसली आणि लवकर झोपायला गेली, कारण सकाळची पहिली खेप न्यायची होती.

सकाळी पहिली खेप बार्टेलने नेली.

नगरपालिकेने निकालाचा अवमान केला असं कोणी म्हणू नये. लाम्बेर्टने सभा बोलावली आणि तिथे म्हणाला, की मासवेर्ड हे युरोपच्या हृदयात वसलेलं गाव आहे, कायद्याचा मान राखणं आमच्या रक्तात आहे. सभेने निकालाची आदरपूर्वक नोंद घेतली. कलमातले 'गावाच्या हद्दीत' हे शब्द एकमताने वगळले. मग ठेक्याच्या हस्तांतराचे परिणाम अभ्यासण्यासाठी एक समिती नेमली. समितीचा अभ्यास होईपर्यंत बार्टेल तात्पुरता. समितीचा अध्यक्ष कोण, हे विचारायला मी गेलो नाही.

मी बेलीफ पाठवला. ड्रीसन नावाचा अनुभवी माणूस. त्याने आयुष्यात घोडे, पियानो आणि एक दातांच्या डॉक्टरची खुर्चीही जप्त केलेली. तो नगरपालिकेत फिरून आला आणि माझ्यासमोर बसला.

"काय जप्त करू? टेबलं लोकसेवेची, ती घेता येत नाहीत. घंटा लोकसेवेची. नाव तर अगदीच लोकसेवेची."

"नगराध्यक्ष?"

"तेही, म्हणे, लोकसेवेचेच." त्याने कपाळ पुसलं. "आणि एक सांगू का? नोटिशीची प्रत डिम्फ्नाबाईंना द्यायला पलीकडे जायचं होतं, तर बार्टेलच्याच नावेतून जावं लागलं. माझी पँट भिजवली त्याने."

रोजचा दंड लावून घेता आला असता. पण तो गावाच्या तिजोरीतून जाणार, आणि गावात डिम्फ्नाची म्हातारी आई राहते. म्हातारीने निरोप धाडला, की तिच्या घरपट्टीतून लाम्बेर्टचा हट्ट फेडायची तिची तयारी नाही. तो मार्ग मिटला.

मग मी ब्रुसेल्सला युरोपच्या आयोगाकडे तक्रार केली. उत्तर यायला नोव्हेंबर उजाडला. ते घेऊन मी डिम्फ्नाकडे गेलो तेव्हा नदीवर इतकं धुकं होतं, की खिडकीतून धक्काच काय, हुबचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं.

"काय म्हणतात?"

"परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहेत."

"कुठून?"

"ब्रुसेल्सहून."

"मला इथून दिसत नाही आणि त्यांना तिथून दिसतं." तिने कॉफी ओतली. "आणि नाहीच ऐकलं लाम्बेर्टने, तर?"

"तर ते आपल्या देशालाच लक्झेंबर्गला खेचू शकतात. न्यायालयाचं ऐकलं नाही म्हणून."

"कोणत्या न्यायालयात?"

"त्याच."

"म्हणजे पुन्हा तीच माणसं?"

"तीच. या वेळी थोडी रागावून."

ती हसली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, मी आता छप्पन्नची झाले. बाबांनी साठीला नाव सोडली. गुडघे गेले म्हणून. तुमचा कायदा जिंकेल हो, मला माहीत आहे. पण तो जिंकेल तेव्हा मला नावेत चढता यायला हवं ना?"

तेवढ्यात धुक्यातून दणका आला, नेहमीपेक्षा मोठा, आणि पाठोपाठ कोणीतरी सणसणीत शिवी दिली. थोड्या वेळाने दार वाजलं. दारात बार्टेल. कमरेपर्यंत भिजलेला, नाक लाल, हातात टोपी.

"डिम्फ्नाकाकू, आत येऊ?"

"ये. पाय पूस. डावी बाजू ना?"

"दोन्ही." तो चुलीजवळ जाऊन उभा राहिला. हुबने त्याला कॉफी दिली. त्याने कप दोन्ही हातांत धरला आणि एकदम बोलायला लागला. "मला नाही जमत हे. लोक शिव्या देतात. मासे पकडणारे तर आईवरून देतात. थंडी किती आहे! आणि सकाळी सहाला उठायचं. रोज! एक दिवस असतो तर समजू शकतो मी." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, न्यायालयाने सांगितलंय ना, नाव काकूंनी चालवायची?"

"दोन न्यायालयांनी सांगितलंय."

"मग त्या का चालवत नाहीत?"

मी खुर्चीत सावरून बसलो आणि समजावून सांगायला लागलो. निकाल लागणं वेगळं, त्याची अंमलबजावणी वेगळी. नगरपालिकेने कलम दुरुस्त केलं आहे, समितीचा अहवाल प्रलंबित आहे, आणि मुख्य म्हणजे नावेचा ताबा अजून दिलेला नाही.

"ताबा म्हणजे काय?"

"म्हणजे..." मी जरा थांबलो. "म्हणजे, समजा, किल्ली."

बार्टेलने खिशात हात घातला. आधी ओला रुमाल निघाला, मग चॉकलेटचा कागद, मग इंजिनाची किल्ली. ती त्याने कॉफीच्या कपाशेजारी ठेवली.

"हीच ना?"

बार्टेलला ती किल्ली कोणाला देण्याचा काडीमात्र अधिकार नव्हता. हे मला माहीत होतं, आणि मी वकिलीच्या इतक्या वर्षांत प्रथमच माहीत असलेली गोष्ट सांगितली नाही.

डिम्फ्नाने किल्लीला हात लावायच्या आधी विचारलं, "मामाला काय सांगशील?"

"सांगेन, पडसं झालंय."

"किती दिवस?"

"मला पडसं फार टिकतं," बार्टेल म्हणाला.

तिने पायताण घातलं, कोट न घालताच बाहेर गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. हुब कोट घेऊन मागे धावला. आम्ही दोघं कान देऊन बसलो. इंजिन सुरू झालं, आवाज लांब लांब जात राहिला आणि मग मासवेर्डच्या तीरावर थांबला. दणका आला नाही. "ते कसं करतात कोण जाणे," बार्टेल म्हणाला आणि त्याने आणखी कॉफी मागितली.

लाम्बेर्टने किल्ली परत मिळवायची म्हटली असती, तर त्याला स्टासबाईंकडे जाऊन कारण सांगावं लागलं असतं. कोपेन्सनी त्याला ब्रुसेल्सहून फोनवर तेवढंच विचारलं: कारण काय सांगू? त्यानंतर समितीने तातडीने अहवाल दिला, की निकालाची संपूर्ण अंमलबजावणी झाली आहे. प्रांतातल्या नगराध्यक्षांच्या परिषदेत लाम्बेर्टने 'युरोपचा कायदा गावपातळीवर कसा राबवावा' या विषयावर भाषण केलं आणि ते चांगलं झालं म्हणतात. विद्यापीठांत आता क्नापेन खटला शिकवतात. वरचा कायदा खालच्या कायद्याला कसा नमवतो, त्याच्या पायऱ्या कोणत्या, सार्वजनिक हिताची कसोटी कशी लावायची, सगळं त्यात आहे. माझ्या भाचीला परीक्षेत प्रश्न आला होता. निकाल प्रत्यक्षात कोणी बजावला, हे मी तिला सांगितलं. तिने ते लिहिलं आणि तिचे गुण कापले गेले.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा दाताच्या डॉक्टरकडे निघालो होतो. नाव भरली होती. सायकली, एक वासरू, पलीकडच्या बाजाराला निघालेल्या दोन बायका. सुटता सुटता लाम्बेर्ट आला आणि नावेच्या तोंडाशी जाऊन, कमरेवर हात ठेवून, प्रवाशांकडे तोंड करून उभा राहिला. निवडणूक जवळ आली आहे.

"चल डिम्फ्ना, उशीर होतोय."

"लाम्बेर्ट, खाली बस."

"मी बरा आहे उभा."

"तुझ्यामागचं काही दिसत नाही मला. तू बसल्याशिवाय नाव सुटणार नाही."

"असा नियम कुठे आहे?"

"माझा आहे."

लाम्बेर्टने माझ्याकडे पाहिलं. वासरानेही पाहिलं. वकील या नात्याने मी इतकंच म्हणू शकलो, की या निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागायची ते मला ठाऊक नाही.

तो बसला.